एक हजार सेहेचाळीस फूट

सोमवार, १० जून

शेरीफच्या कचेरीतून डेप्युटी पाईक येऊन गेल्या. काठीला लावलेलं मापाचं चाक घेऊन आल्या होत्या, मी काम करते त्या शाळेच्या बस गॅरेजमध्ये आहे तसंच. माझ्या कुंपणाच्या कोपऱ्यापासून निघाल्या आणि गल्लीच्या टोकाला, टिलरीबाईंच्या टपालपेटीपर्यंत चाक ढकलत गेल्या. ऊन मी म्हणत होतं. मी थंड गोड चहा दिला, तो त्यांनी उभ्याउभ्याच प्यायला.

"आठशे एकाहत्तर," त्या म्हणाल्या. "हजार लागतात."

शाळा चार मैलांवर आहे. बाग, तलाव, पाळणाघर, झोपाळे असलेलं चर्च, सगळं लांब. आड आला तो फक्त शाळेच्या बसचा थांबा. ज्याचं नाव शेरीफच्या तसल्या गुन्हेगारांच्या यादीवर आहे त्याला मुलं जमतात अशा जागेपासून हजार फुटांच्या आत राहता येत नाही. मी म्हटलं, तिथे एकच मूल जमतं, टिलरीबाईंची नात जूनी. पाईकबाई म्हणाल्या की कायदा डोकी मोजत नाही, फूट मोजतो.

माझ्या मुलाची, ड्वेनची, शिक्षा २९ जुलैला संपते. दहा वर्षं झाली. तो राहायचा त्या इमारतीतल्या शेजारणीच्या मुलीचं ते प्रकरण. त्याने कोर्टात कबूल केलं. याहून जास्त मी इथे लिहिणार नाही.

माझा पत्ता चालला नाही तर त्याला दुसरा पत्ता नाही. यादीवरच्या बिनपत्त्याच्या लोकांची जागा मला माहीत आहे. हमरस्त्यापलीकडे पाइनची झाडी आहे, तिथल्या निळ्या ताडपत्र्या बसमधून दिसतात. त्यांनी दर सोमवारी कचेरीत जाऊन अजून तिथेच झोपतो अशी सही करायची असते.

तो थांबा तीन वर्षांपूर्वी बसच्या मार्गयादीत मीच घातला होता, जूनी शाळेत जायला लागली तेव्हा.

दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, व्हर्ना, कुणाशी बोलत नसशील तर लिहीत तरी जा. म्हणून गॅरेजमधली जुनी मार्गवही घेतली. वेळ, थांबा, मुलं, शेरा असे रकाने आहेत. मी आडवी लिहीत जाते. काय वाटतं ते लिही असं नर्सचं म्हणणं होतं. काही वाटत नाही.

बुधवार, १२ जून

सुटी लागल्यामुळे गॅरेज ओस. टायर मोजले. घरी येऊन कॉलर्डची भाजी निवडली आणि निम्मी तशीच टाकून झोपले.

गुरुवार, २० जून

पुढच्या वर्षाची मार्गयादी करायला घेतली. एकशे बत्तीस थांबे. सव्वीस वर्षं हेच करते आहे. मी यादी करते, मुख्य साहेब सही करतात, शाळा मंडळ जुलैच्या सभेत मंजूर करतं. मंडळाने आजवर एकही थांबा वाचलेला नाही.

दुपारी गॅरेजचं चाक घेऊन घरी आले. आमची गल्ली सरळ आहे, कच्ची, एका टोकाला बंद. त्या टोकाला टिलरीबाईंचा ट्रेलर, मध्ये माझं घर, दुसऱ्या टोकाला हमरस्ता आणि बंद पडलेला पेट्रोल पंप. माझ्या कुंपणापासून पंपाच्या खांबापर्यंत चाक ढकललं. एक हजार सेहेचाळीस. भरवसा वाटला नाही म्हणून परत ढकललं. एक हजार सेहेचाळीसच.

नऊ नंबरची बस गल्लीत वळवायची, टोकाला जाऊन मागे घ्यायची, यात आठ मिनिटं जातात. पावसात चिखल होतो. थांबा पंपापाशी नेला तर आठ मिनिटं वाचतील. शेऱ्यात तसं लिहिलं. खोटं काही नाही त्यात, आठ मिनिटं खरंच वाचतात.

गुरुवार, १८ जुलै

मंडळाची सभा. माझी यादी दूध पुरवठ्यानंतर आणि मैदानाच्या दिव्यांआधी आली. एकाने विचारलं काही विशेष, साहेब म्हणाले नेहमीचंच. हात वर झाले.

नऊ नंबरवरचा लूथर बॉग्ज बाहेर गाठ पडला. वीस वर्षं ती बस चालवतोय, त्यामुळे रस्ता बापाचा असल्यासारखा बोलतो. म्हणाला, "त्या एवढ्याशा पोरीला अंधारात हमरस्त्यापर्यंत चालत आणणार? तुला माझ्या आठ मिनिटांचा एवढा पुळका कधीपासून आला, व्हर्ना?" मी म्हटलं, आठ वर्षांची पोर आहे, पाय आहेत तिला. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि गेला.

शुक्रवार, १९ जुलै

पाईकबाई परत चाक घेऊन आल्या. दोन्ही बाजू मोजल्या. टिलरीबाईंच्या टपालपेटीपाशी आता कागदोपत्री काही नाही, नुसती टपालपेटी. पंपापाशी एक हजार सेहेचाळीस. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी कुठे काम करते हे या काउंटीत सगळ्यांना माहीत आहे.

"कागदावर बसतंय," त्या म्हणाल्या आणि सही केली.

सोमवार, २९ जुलै

ड्वेनला आणलं. तीन तासांचा रस्ता. तेवीस वर्षांचा असताना गेला होता, आता कानांवर केस पांढरे आहेत. गाडीत तो खिडकीकडे बघत बसला आणि मी रस्त्याकडे. मध्ये एके ठिकाणी विचारलं, भूक लागली का. म्हणाला, तू म्हणशील तसं. पूर्वी असं कधी म्हणायचा नाही.

नोंदणीला बहात्तर तास असतात, पण मी म्हटलं लगेच उरकू. कचेरीच्या मागच्या दाराने जायचं, पुढच्या दाराने लोक वाहनांच्या कामाला येतात. दहा बोटांचे ठसे, मग तळव्यांचे. समोरून फोटो, दोन्ही बाजूंनी फोटो. दंडावर गोंदलेलं आहे त्याचा फोटो. माझ्या गाडीचा नंबर, माझ्या घरच्या फोनचा नंबर, त्याच्या बुटाचं माप. प्रत्येक नियमाशेजारी नावाची आद्याक्षरं घालायची, असे एकतीस नियम. पाईकबाई एकेक मोठ्याने वाचत होत्या.

"पत्ता बदलायचा तर आधी यायचं, नंतर नाही. नोकरी बदलली, यायचं. दाढी वाढवली तरी यायचं. दरवर्षी वाढदिवसाच्या आधी तीन दिवसांत यायचं. केक आणू नका."

ड्वेन हसला नाही. मी हसले, सवयीने. त्यांनी त्याच्यापुढे नकाशा ठेवला. घराभोवती लाल वर्तुळ आणि वर्तुळाबाहेर पंपापाशी बसच्या थांब्याचा एक ठिपका. तो नकाशाकडे बराच वेळ बघत होता. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं लिहिलेलं वाचता येत नाही, चष्मा लागला असेल. डोळे तपासून घ्यायला हवेत.

घरी मक्याचा पाव आणि घेवडा केला. ताटाभोवती हात घालून जेवतो.

गुरुवार, १ ऑगस्ट

टिलरीबाईंना ड्वेनबद्दल सांगावं म्हणून पीच भरून गोड पाय भाजला आणि घेऊन गेले. त्याचा फोटो शेरीफच्या यादीत संगणकावर सगळ्यांना दिसतो, पण त्यांच्याकडे संगणक नाही. पायऱ्या उतरवत नाहीत त्यांना, नाकात प्राणवायूची नळी, घरभर तिचं वेटोळं.

त्या थांब्याबद्दल कुरकुरत होत्या. शाळेला फोन केला तर कुणी धड सांगत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मंडळाने केलं. मग म्हणाल्या, "बरं झालं तू आलीस. तुझ्या दारावरूनच जाईल ती. जरा लक्ष असू दे, व्हर्ना."

मी हो म्हटलं. मी पहाटे पाचला गॅरेजमध्ये असते, पण हो म्हटलं. जूनी पायरीवर बसून पडायला आलेला दात हलवत होती. भांडं ठेवलं आणि आले. सांगायचं राहिलं.

सोमवार, ५ ऑगस्ट

शाळा सुरू. दोन बसगाड्या बंद पडल्या, एक मूल भलत्याच शाळेत उतरलं. सात वाजून पाच मिनिटांनी घरी फोन केला, ड्वेनला उठवायला. उचलला नाही. साडेसातला परत केला तेव्हा उचलला. न्हाणीघरात होतो म्हणाला.

बुधवार, १४ ऑगस्ट

त्याला कोंबड्यांच्या कारखान्यात मालधक्क्यावर काम मिळालं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. सायकलने जातो. पाईकबाईंना कळवून आला.

सकाळचा फोन काही उचलत नाही. रोज तेच, न्हाणीघरात होतो. तुरुंगातल्या अन्नाने पोट बिघडलं असणार. सुक्या आलुबुखारांची बरणी आणून ठेवली. स्वयंपाकघरातली एक खुर्ची न्हाणीघरात सापडली, परत आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिकडच्या सवयी असतात, जातील हळूहळू.

गुरुवार, ५ सप्टेंबर

समुद्रावरच्या वादळाचं शेपूट इथवर आलं. पहाटेपासून पाऊस झोडपत होता. लूथर रेडिओवर म्हणाला, पंपापाशी पोरगी नाही, दोन मिनिटं थांबलो, निघतो. मी जूनीच्या नावापुढे गैरहजर लिहिलं.

दुपारी घरी आले तर पोर्चवर चिखलाचे पायांचे ठसे, लहान. कुणीतरी पावसाला थांबलं असेल. ड्वेन कामावर गेला होता, जेवणाचा डबा इथेच ठेवून. पोर्च धुतला.

मंगळवार, १७ सप्टेंबर

कुंपणाचा पांढरा रंग एका उंचीवर ओळीने उडाला आहे, माझ्या कमरेच्या जरा खाली. पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत. गवत कापायच्या यंत्राने असं होत नाही. ड्वेनला म्हटलं रविवारी रंग मार. त्याने मारला, सोमवारी परत उडालेला. मी चिडले. तो म्हणाला, "राहू दे ना आई. लाकूड आहे."

मग म्हणाला, "तू दुपारची पाळी नाही का घेऊ शकत? सकाळी घरी असलीस तर बरं होईल." तेहेतीस वर्षांचा घोडा, त्याला सकाळी आई घरी पाहिजे. मला बरंही वाटलं जरा. पण मार्गांचं काम सकाळचंच असतं, ते कोण करणार. त्याला तसं सांगितलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

विशेष नाही. पेकन पडायला लागले. टिलरीबाईंकडे जायला हवं, जमत नाही.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

घरी आले तर दारावर शेरीफच्या कचेरीची पिवळी चिठ्ठी. न सांगता तपासणीला आलो, सकाळी ७.०२, दार तीन वेळा वाजवलं, उत्तर नाही. दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचं समजून वॉरंट का काढू नये, बहात्तर तासांत हजर व्हा.

आणि त्या वेळी तो घरातच होता. कामावरून आल्यावर मी त्याला धरलं. एवढा आटापिटा करून पत्ता मिळवला, आणि दार उघडायला काय झालं होतं? तो बूट काढत म्हणाला, कोण आहे ते कळलं नाही. मी म्हटलं, कोण असणार, सात वाजता या गल्लीत कोण येतं? त्याने माझ्याकडे बघितलं आणि दुसरा बूट काढला.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

त्याला घेऊन कचेरीत गेले. पाईकबाईंनी त्याला विचारलं, कुठे होतास. न्हाणीघरात. तीन वेळा वाजवलं. पंखा चालू होता. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

"दुसऱ्यांदा असं झालं तर मी विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "त्या वेळेला पोट बिघडू देऊ नकोस."

तो म्हणाला, "दुसऱ्या कुठल्याही वेळेला या, बाई. मी उघडेन."

वेळ आपण ठरवायची नसते, ती तेच ठरवतात, हे मी त्याला गाडीत समजावलं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

काल दाढ काढली. गाल सुजला म्हणून आज रजा घेतली. शाळा चालू असताना सकाळी घरी असण्याची वर्षातली पहिली वेळ. हे नीट लिहिणार आहे, जसं झालं तसं.

पावणेसातला ड्वेन उठून आला. मी कोचावर गालाला बर्फ लावून पडले होते. त्याने स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, न्हाणीघरात गेला, आतून कडी लावली आणि पंखा लावला. आमच्या न्हाणीघराला खिडकी नाही. मी हाक मारली, बरं नाही का? आतून आवाज आला, "येतो वीस मिनिटांत."

बाहेर अजून उजाडलं नव्हतं. मग आवाज यायला लागला. टक टक टक टक, कुंपणाच्या पट्ट्यांवरून काठी ओढत कुणीतरी येत होतं. पडदा बाजूला केला. टॉर्चचा उजेड, पाठीवर दप्तर, जूनी. ती फाटकापाशी थांबली, काठीने तीनदा वाजवलं, घराकडे टॉर्च मारला आणि पुढे गेली. टक टक टक, कुंपण संपेपर्यंत.

सात वाजून दहाला तो खुर्ची घेऊन बाहेर आला. मी विचारलं, "रोज?"

"शाळा असेल त्या दिवशी."

"ती तुला काही करते का?"

"लहान मुलगी आहे, आई."

"मग तू तिला..."

"मी तिला बघितलेलीसुद्धा नाही. आवाज ऐकतो. पंखा लावला तरी ऐकू येतो." खुर्ची त्याने जागेवर ठेवली. "वादळात ती पोर्चवर आली होती. दार वाजवत होती, आत घ्या म्हणत होती. मी उघडलं नाही. अर्धा तास रडत होती. त्या दिवशी पाईकबाईंनी वाजवलं तेव्हा मला वाटलं, परत तीच."

मी म्हटलं, पावसात भिजलेल्या पोरीला पोर्चवरून टॉवेल दिला असतास तर कुणी काही म्हटलं नसतं. मला खरंच तसं वाटत होतं. मी असंही म्हटलं की तू आता तसा नाहीस.

"तुला माहीत आहे?"

"मी आई आहे तुझी."

"तेव्हाही होतीस." तो खाली बसला. "मला माहीत नाही, आई. म्हणून मी आत जाऊन बसतो. थांबा पूर्वी तिकडे होता ना? नकाशा बघितला तेव्हाच मला कळलं. कळलं आणि गप्प बसलो. मला घरी यायचं होतं." मग म्हणाला, "परत ने तो."

मी त्याला अंडी करून दिली. मला चावता येत नव्हतं.

बुधवार, ३० ऑक्टोबर

दुसरा दिवस रजा. पाळी बदलून घेईन, काम सोडेन, जूनीला मीच गाडीने पंपापर्यंत सोडेन, असं सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, आणि तुझी दाढ दुखली त्या दिवशी? मी म्हटलं, थांबा परत नेला तर तू त्या झाडीत जाशील. तो म्हणाला, हो.

इतकं होऊनही आज मी काही केलं नाही. पेकन वेचले. जे आहे ते आहे तसं राहावं असं मला वाटत होतं. लिहायचं तर खरं लिहावं.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी पावणेसातला स्वेटर घालून फाटकापाशी उभी राहिले. जूनी आली. मी म्हटलं चल, सोबत येते. तिने मला काठी धरायला दिली, दोन्ही हातांनी बुटाची नाडी ओढली, मग काठी परत मागून घेतली.

भलती बोलकी पोर आहे. म्हणाली, तुमच्या घरात पंखा चालू असतो, म्हणजे कुणीतरी असतं. तो कोण? मी म्हटलं, माझा मुलगा. त्याला ऐकू कमी येतं का? नाही. मग पावसात दार का नाही उघडलं? मी तिच्या दप्तराचा पट्टा सरळ केला.

"मी फाटकावर तीनदा वाजवते," ती म्हणाली. "म्हणजे त्याला कळतं मी गेले. अंधारात मला भीती वाटते ना, पण तुमच्या घरापाशी नाही वाटत. आजी म्हणते तिथे व्हर्ना लक्ष ठेवते."

पंपापाशी एकच दिवा, तोही लुकलुकतो. मोठे मालट्रक अंगावर वारा टाकत जातात. इथे मी एकदाही अंधारात आले नव्हते. मी दुपारच्या उन्हात येऊन चाक वाचलं होतं. विचारलं, किती वर्षांची झालीस? म्हणाली, आठ, पण जानेवारीत नऊ होणार.

लूथरने दार उघडलं. जूनी चढली. मी पण चढले आणि त्याच बसने शाळा करून गॅरेजमध्ये गेले.

थांबा बदलाचा अर्ज एका पानाचा असतो. जुनी जागा, नवी जागा, कारण. कारणात लिहिलं: आधीच्या बदलाचं दिलेलं कारण खरं नव्हतं. तो माझ्या घराच्या पत्त्यासाठी मी केला होता. साहेबांनी या वेळी वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाले, हे असं लिहायलाच हवं का, चिखल वगैरे लिही. मी म्हटलं, असंच राहू दे. त्यांनी सही केली आणि मंडळापुढे माझं काय होईल ते सांगता येत नाही म्हणाले.

तिथून टिलरीबाईंकडे. या वेळी काही करून नेलं नाही. दारात उभी राहून सांगितलं, ड्वेन कोण, काय केलं होतं, कधीपासून इथे आहे, थांबा कुणी हलवला. नळीतून हवा येण्याचा आवाज तेवढा येत होता.

"मी तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

"हो."

"आणि तू हो म्हणालीस. माझ्या घरात, हातात पीचचं भांडं घेऊन हो म्हणालीस."

मला थांबायला सांगून त्या आत गेल्या. नळी मागून सरकत होती. माझं पीचचं भांडं घेऊन आल्या, घासून पुसून ठेवलेलं. ते हातात दिलं आणि दार लावलं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

पाईकबाईंकडे आम्ही दोघं. सोमवारपासून थांबा परत टपालपेटीपाशी, आठशे एकाहत्तर. त्यांनी अर्जाची प्रत वाचली, त्यातलं कारण वाचलं.

"जुलैत मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "नुसतं मोजून सही केली."

घर सोडायला दहा दिवस मिळतात. ड्वेन म्हणाला, रविवारीच जातो, सोमवारी बस येईल. पत्ता नाही असा वेगळा अर्ज असतो. झोपण्याची जागा चित्र काढून दाखवायची. त्याने हमरस्ता काढला, झाडी काढली, एक फुली मारली. लहानपणी चित्रं बरी काढायचा.

रविवार, ३ नोव्हेंबर

ताडपत्री, दोर, दोन पांघरुणं, स्टोव्ह, आलुबुखारांची बरणी. आमच्या हमरस्त्यावर कुणी कुणाकडे बघत नाही, तरी मी गाडी झाडाआड लावली. तिथे चार माणसं आहेत. एकाने ड्वेनला पाणी कुठे मिळतं ते दाखवलं. मी दोर बांधू लागले तर म्हणाला, "मी बांधतो. तू जा आता." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दहा वर्षांत पहिल्यांदा. तुरुंगातून आणलं तेव्हापासूनही मी त्याला एकदाही हात लावला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

मंडळाची सभा होईपर्यंत मला घरी बसवलं आहे. बरोबर केलं त्यांनी.

आज पावणेसातला जाग होती. उठून स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, न्हाणीघरात नेली, कडी लावून पंखा लावला आणि बसले. समोर भिंत आहे, टाइलचा एक कोपरा उडालेला आहे. त्याने तीन महिने हाच बघितला असणार. सात वाजले असतील तेव्हा पंखा बंद केला. कुंपणावर आवाज नाही. गल्लीत नऊ नंबरची बस वळली, टोकाला जाऊन मागे घेताना भोंगा वाजला, परत गेली. आठ मिनिटं लागली.

मी बसूनच राहिले. त्याच्या खटल्यात फिर्यादीचा वकील त्या मुलीचं वय पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि प्रत्येक वेळी मी मनात मार्गयादी म्हणत होते, पहिल्या थांब्यापासून, म्हणजे ऐकू येऊ नये. नंतरही कधी उच्चारलं नाही, या वहीतही नाही.

ती नऊ वर्षांची होती. ती दार वाजवत आली नव्हती. तिच्याच घराचं दार होतं, आणि माझ्या मुलाने वाजवलं होतं.